आजी अजून जेवतेय

मेलेल्या माणसाचा शब्द अंतिम असतो. म्हणूनच लुकांग गावच्या लिन घराण्यात तो मनासारखा येईपर्यंत नाणी टाकली जात.

आजीच्या पुण्यतिथीला तिच्या नावाच्या पाटीपुढे जेवण मांडायचं, उदबत्ती लावायची आणि ती निम्मी जळाली की दोन नाणी टाकून विचारायचं, "जेवलीस का?" एक छापा नि एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखे पडले तर नाही. आजी हो म्हणेपर्यंत जिवंतांनी घास तोंडात घालायचा नाही.

अकरा वर्षं हा स्वयंपाक थोरल्या सूनबाई, स्यू-ओ काकू, करत आल्या होत्या. आजी दरवर्षी पहिल्याच खेपेला हो म्हणे. काकूंच्या लेखी हा त्यांच्या हाताच्या चवीचा दाखला होता. बाकीच्यांनी तो दाखला अकरा वर्षं चावून चावून गिळला होता.

यंदा काकूंच्या पुतण्याच्या नव्या नवरीनं, युन-शीनं, स्वयंपाक मागून घेतला.

"कर की," काकू म्हणाल्या होत्या. "टेबल तेवढं मी मांडेन, ते तुला जमायचं नाही. पण आईंना रुचलं नाही, तर पुढल्या वर्षीपासून पुन्हा मीच. कायमची."

हे ऐकून घरातली चौदा माणसं एकदम भाविक झाली.

उदबत्ती निम्म्यावर आली. काकूंचे यजमान, तिएन-फू काका, यांनी नाणी टाकली. दोन काटे. पुन्हा टाकली. दोन छापे. सहाव्या खेपेलाही आजी नाहीच म्हणाली. काकूंनी खुंटीवरचा एप्रन काढून हातात घेतला.

"आई तोंडावर कधी बोलायच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

युन-शीचे कान लाल झाले. नवरा कानाशी पुटपुटला, "मीठ घातलं होतंस ना?"

"तीनदा चाखलंस की मघाशी. आता विचारतोस?"

"हळू. आजी ऐकतेय."

युन-शीनं काकांच्या हातून नाणी घेतली. "आजी, काही कमी पडलंय का?"

एक छापा, एक काटा.

सगळे पुढे सरकले. युन-शी टेबलाला वळसा घालून आजीसाठी मांडलेल्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली आणि जेवायला बसणाऱ्याच्या नजरेनं टेबलाकडे बघू लागली. भाताची वाटी होती. मद्याचा पेला होता. आख्खा मासा, तिळाच्या तेलातली कोंबडी, बांबूचे कोंब, सगळं होतं.

"काकू," ती म्हणाली, "चॉपस्टिक्स कुठायत?"

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकूंनी एप्रनकडे.

"म्हणजे गेली वीस मिनिटं," काका म्हणाले, "आई माशाकडे नुसती बघत बसलीये."

काकू स्वतः आत गेल्या. चॉपस्टिक्स आणल्या, दोन्ही हातांनी वाटीशेजारी ठेवल्या आणि पाटीपुढे वाकून हळूच म्हणाल्या, "चुकलं, आई. जेवा."

थोडं थांबून काकांनी नाणी टाकली. दोन छापे. पुन्हा टाकली. दोन काटे.

युन-शीचा चेहरा उतरला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अकरा वर्षं आई पहिल्याच खेपेला जेवणावरून उठली," ते म्हणाले. बायकोकडे बघायचं त्यांनी टाळलं. "आज उठत नाहीये."

मग कोपऱ्यात कुणाला तरी हसू फुटलं आणि बघता बघता ते घरभर झालं. युन-शी तोंडावर हात धरून हसत होती, की रडत होती, ते तिलाही कळेना.

"हसू नका रे, आईंना ठसका लागेल," काकू म्हणाल्या. त्यांनी हातातला एप्रन युन-शीच्या गळ्यात अडकवला. "उभी काय राहिलीस? भात वाढ त्यांना आणखी. जेवत्या माणसाला उठवतात का?"

पुढच्या तीन खेपांना आजी नाही म्हणाली, तेव्हा टाळ्या पडल्या. चौथ्या खेपेला ती तृप्त झाली. मासा गार झाला होता; तरी काटे तेवढे उरले. डोकं काकूंनी मागून घेतलं.

तिएन-फू काका हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. संभाव्यता हा त्यांचा हातखंडा धडा होता.