पाण्याकडची वाट

घरासमोरच्या नदीकाठी बाग उघडून महिना झाला, तरी आम्ही माळ्यांनी मुद्दाम वाटा बांधल्या नव्हत्या. लोकांच्या चालण्यानं गवत जिथं दबेल, तिथंच फरशी बसवायची. आज मी चुन्याच्या फक्कीनं रेघा मारत होते. एक वाट थेट पाण्याकडे गेलेली. “तिकडे ना बाक, ना सावली. सोड,” साहेब म्हणाले. मी वाकले. गवतात दोन बारीक चाकोऱ्या. ढकलणाऱ्याची पावलंच नाहीत! अपघातापासून बाबा चाकाच्या खुर्चीत; पण स्वतः चाकांना हात लावत नव्हते. मी ढकलेन तेवढंच फिरणं. महिनाभर माझं काम नर्सरीत; रोज तिथून परतले की घरात गवत सापडायचं. “तुझ्याच बुटांचं,” बाबा म्हणायचे. मी खुळी दारात बूट झटकायची! पाण्यापर्यंत ऐसपैस रेघा ओढल्या. “अगं, एवढी रुंद?” “साहेब, खुर्ची वळवायला जागा नको?” संध्याकाळी बूट न झटकताच घरात शिरले. “बाबा, तुमचंच खरं! गवत माझ्याच बुटांचं!”