हवं ते शीक

रियाधच्या इस्पितळात नऊ वर्षं नर्सची नोकरी करून मारिलू सुट्टीवर फिलिपिन्समध्ये इलोइलोला घरी आली, तेव्हा धाकट्या जेसाच्या कॉलेजप्रवेशाची गडबड चालली होती. आई भात आणि आंबट रश्शातला मासा वाढत असताना जेसा चाचरत म्हणाली, "बाबा, मला नर्सिंगला नाही जायचं. मला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायचाय."

मारिलूचा घास हातातच राहिला. तिच्या वेळी नर्सिंगचा अर्ज बाबांनीच भरला होता. दोन दिवस ती जेवली नव्हती, रडली होती, आणि तिसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं सही केली होती.

"मग कर की," बाबा शांतपणे म्हणाले. "आपल्या घरात कधी कुणावर जबरदस्ती केलीय का? विचार तुझ्या ताईला."

जेसाचा जीव भांड्यात पडला. "हो का गं ताई? तुला काय व्हायचं होतं?"

मारिलूनं बराच वेळ आठवून पाहिलं.

"नर्सच," ती म्हणाली.


बाबांचं मन राखायला ती खोटं बोलली नव्हती. तिला खरोखरच दुसरं काही आठवलं नाही.