दारातून न निघालेलं कपाट

कपाट दाराबाहेर निघेना. चार हमालांनी ते सरळ धरून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. दार बिजागऱ्यांतून उतरवून झालं. तरी चौकटीला टेकलं की ते तिथंच अडे. खाली टेम्पोवाला हॉर्न बडवत होता आणि आजोबा आतल्या भिंतीला टेकून कपाळावरचा घाम पुसत होते.

कपाट म्हणजे कपड्यांचं नव्हे. व्हिडिओ गेमचं मशीन होतं ते, माणसाएवढं उंच, वर पडदा, खाली दांडे आणि रंगीबेरंगी बटणं. आजोबांनी प्लॅनचे कागद भिंतीला डकवून ते घरीच बनवलं होतं. उभ्या आयुष्यात ज्यांनी एक खुंटी धड ठोकली नाही, त्यांनी! रिटायर झालेला बस ड्रायव्हर, रिकामपणाचे उद्योग, असं शेजारी म्हणत. कारण वेगळंच होतं. मुलगा, सूनबाई आणि नात शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते. "येत जाऊ ना बाबा, जमेल तसं," मुलगा म्हणाला होता. जमेल तसं म्हणजे काय, हे न कळण्याइतके आजोबा लहान नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं. आपण नाही तर नाही, निदान आपल्या हातची एखादी वस्तू तरी भिंगरीबरोबर जावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. भिंगरी म्हणजे नात. एका जागी टिकेल तर शपथ.

सूनबाईनं मात्र त्या कपाटापायी आजोबांचा जीव खाल्ला. "फळी पातळ वाटते बाबा, ही पोरगी बटणं आपटते, जाड घ्या." घेतली. "एकटीच कशी खेळेल? दोघांना शेजारी उभं राहता यायला हवं. चार बोटं रुंद करा." केलं. "रुंदी वाढवलीत तर मागेही वाढवा हं, नाहीतर कलंडेल." तेही केलं. "आणि नुसत्या स्क्रूंवर भरवसा नको, ढिले होतात मेले. गोंद लावा चांगला." प्लॅनमध्ये स्पष्ट म्हटलं होतं की दोन भाग सुटे करता आले पाहिजेत. आजोबांनी प्लॅन गुंडाळला आणि गोंद ओतला. हिच्या पसंतीला उतरेल ती वस्तू अजून जन्माला यायचीय, असं ते करवतीशी पुटपुटत. कपाट मात्र असं दणकट झालं की शेजारचे अगडबंब काका त्यावर रेलले, तरी कुरकुरलं नाही.

मुलानं एकदाच विचारलं होतं, "बाबा, दारातून निघेल ना हे?"

आजोबांना ते लागलं. "अरे, ज्या गल्लीत सायकलवाला उतरून चालायचा, तिथून मी अख्खी बस काढलीय. आरशाला ओरखडा नाही! मला दारं शिकवतोस?"

"त्यांना काय विचारता?" सूनबाई म्हणाली होती. "बाबांची नजर आहे."

आता त्या नजरेचं पार हसं झालं. हमालांच्या मुकादमानं सकाळपासून चहाबरोबर बसच्या गोष्टी ऐकल्या होत्या; तो सोडतोय होय! "आजोबा," तो म्हणाला, "तुमची बस कुठल्या गल्लीतून काढू आता?" बाकीचे हमाल कपाटाआड तोंड लपवून हसले.

"अहो बाबा, दार रोज डोळ्यांसमोर आहे! साधं माप घेता येऊ नये?" मुलगा कडाडला. आजोबा नुसते चौकटीकडे पाहत राहिले. आपलं संपलं, नजरही गेली, आणि पोरीबरोबर धाडायची एक वस्तू होती तीही इथंच राहिली. त्यांना भिंतीत शिरावंसं वाटलं.

मुलानं करवत उचलली. "मधून कापतो. तिकडे गेल्यावर जोडू."

भिंगरीनं असं भोकाड पसरलं की खालचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायचं विसरला. ती धावत जाऊन कपाटाला चिकटली. "आधी मला कापा!"

"ठेवा ती करवत," सूनबाई म्हणाली. "राहू दे इथंच. दर रविवारी येऊ आपण, खेळेल इथं."

"दर रविवारी?" मुलाचा चेहरा उतरला. "जमेल का?"

"न जमायला काय झालं? की रोज हिची समजूत तुम्ही काढणार आहात?"

मुलानं भिंगरीकडे पाहिलं. ती पुन्हा श्वास भरून घेत होती. त्यानं घाईघाईनं करवत खाली ठेवली.

"शनिवारीच येऊ! राहायलाच!" भिंगरीनं डोळेही न पुसता लगेच भाव वाढवला.

हमालांनी हुश्श करून कपाट पुन्हा खिडकीजवळ नेऊन ठेवलं आणि सगळे खाली गेले. आजोबांना आनंद झाला होता, नाचावं इतका झाला होता. पण कसा नाचणार? आपल्या घोडचुकीनं मिळालेला आनंद तो, चोरून खाल्ल्यासारखा वाटत होता. एवढ्यात पाण्याची बाटली राहिली म्हणून सूनबाई परत वर आली.

"माफ कर गं," आजोबा खालमानेनं म्हणाले. "नजर गेली माझी. आता तुला दर आठवड्याला हेलपाटा."

सूनबाईनं बाटली उचलली. नवरा टेम्पोत बसलाय ना, हे खिडकीतून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या नजरेला काही झालेलं नाही बाबा. चार बोटं वाढवायला सांगितली ना, त्याआधी दार मी मोजलं होतं."