सोपं कारण

"काय रे ओरोझाली, पोरगा काहीच धाडत नाही का तुला?" गवत कापायचं यंत्र बाकावर ठेवता ठेवता गावातल्या काल्मातनं विचारलं.

ओरोझालीनं यंत्राचा कार्ब्युरेटर उघडला. आत शिळ्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता. तोंड कशात तरी गुंतलेलं बरं, म्हणून त्यानं बारीक नळी ओठांत धरली आणि फुंकर मारत राहिला.

याच पत्र्याच्या दुकानात त्याची हयात गेली होती. पाण्याचे पंप, लाकूड कापायची यंत्रं, जनरेटर. कोच्कोर गावच्या बाजारात बंद पडलेलं कुठलंही छोटं इंजिन त्याच्याच हाताखालून जायचं. मग त्याची बायको सायकाल म्हणाली, "पुरे झालं आता. चार दिवस माझ्यासोबत बसा की." त्यानं दुकान भाच्याला, बोलोतला, देऊन टाकलं. बाजारानं निरोपाला मेंढा कापला, त्याच्या अंगावर नवा अंगरखा चढवला. "यापुढे या हातांना वंगण लागणार नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

पुढचा हिवाळा सरायच्या आत सायकाल गेली.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून मुलगा तालाय परदेशात, नोवोसिबिर्स्कला, कामावर परतला. घरात ओरोझाली एकटा उरला. सकाळचा चहा झाला की घर असं गप्प व्हायचं की त्याच्या छातीत धडधडायला लागायचं. मग तो अंगणातला पंप खोलायचा. पंपाला काहीही झालेलं नसायचं. तो सगळा सुटा करायचा, पुसायचा, पुन्हा जोडायचा. एका सकाळी तोच पंप तो पुन्हा खोलायला बसला, आणि त्याची त्यालाच शरम वाटली. तसाच उठला आणि भाच्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"मामा, तुम्ही? माझ्या हाताखाली?" बोलोत गडबडलाच.

शेजारचे दुकानदार माना वर करून बघत होते. ओरोझालीच्या तोंडून निघून गेलं, "काय करणार बाबा, पेन्शन पुरत नाही. पोरांचे आपापले संसार."

साफ खोटं होतं ते. तालायचे पैसे दर महिन्याला न चुकता येत. त्यानं घेऊन दिलेला कोळसा अंगणात तसाच पडून होता. पण या वयात, या दाढीनिशी, "मला माझ्याच घरात बसायची भीती वाटते," असं बाजारात कसं सांगायचं? गरिबीला कुणी हसत नाही. भित्र्या म्हाताऱ्याला हसतात.

बोलणं वाढत गेलं. तालाय बायकोच्या मुठीत आहे. तालायनं तिकडे बंगला बांधला. तालायनं बापाला टाकला. ओरोझालीच्या कानावर सगळं यायचं. कुणी फारच बोलायला लागलं की तो समोरच्या इंजिनाची दोरी ओढायचा. इंजिन धडधडायला लागलं की पुढचं ऐकू येत नसे. दोन वर्षं त्यानं अशीच काढली.

उन्हाळ्यात काल्मातच्या नातवाचं लग्न निघालं आणि त्यासाठी तालाय आला. बसमधून उतरला तो थेट मांडवात, पिशवी खांद्याला तशीच. हात धुऊन झाले, मांस वाटलं गेलं. काल्मातनं सुरी खाली ठेवली.

"तालाय, तुझ्या बापाच्या वयाचा आहे म्हणून बोलतो. राग येऊ दे हवा तर. हा म्हातारा भाच्याच्या दारात वंगणात बरबटलेला बसतो, आणि तू तिकडे मजेत? लाज नाही वाटत?"

सगळी पंगत थांबली. ओरोझालीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आता पोरगा उसळणार, पैसे धाडल्याच्या पावत्या दाखवणार, सगळ्यांसमोर आपल्याला उघडं पाडणार.

तालायनं मान खाली घातली. "चुकलं माझं, काका."

ओरोझालीनं घास कसाबसा गिळला आणि गुडघ्यावर हात रोवून तो उभा राहिला.

"त्याचं काही चुकलं नाही. सगळं धाडतो तो. खोटं मी बोललो." तो काल्मातकडे वळला. "सायकाल गेल्यापासून मला घरात बसवत नाही. म्हणून जातो मी दुकानात. दुसरं काही नाही."

कुणीही हसलं नाही. काल्मात मात्र उगाचच सुरी पुसत बसला.

ओरोझाली बाहेर आला, घोडे बांधले होते तिथं कुंपणाला टेकून उभा राहिला. मागोमाग तालाय आला. म्हाताऱ्याला त्याच्याकडे बघवेना.

"पोरा, दोन वर्षं मी तुझं नाव मातीत घालत होतो. आणि तू माझी अब्रू राखायला सगळ्यांसमोर मान खाली घातलीस?"

"तुमच्यासाठी नाही, बाबा." तालायही बापाकडे बघत नव्हता. "पैसे धाडत नाही म्हणून काका बोलले, ते बरंच वाटलं मला. दोन वर्षं घरी का आला नाहीस, असं विचारलं असतं तर काय सांगणार होतो? आई नसलेल्या त्या घरात मलाही पाऊल टाकवत नाही."