गडग्यावरचे शिराळे

पहिला घास जिभेला लागला आणि तुळसाचा जबडा थांबला. भाजी कडू होती. करपल्याचा कडूपणा नव्हे, मेथीचा नव्हे. घशाच्या मुळाशी जाऊन तिथेच चिकटून बसणारा.

ऋषिपंचमी होती. घरातले पुरुष गणपतीच्या आरतीला वाडीतल्या धोंडूकडे गेले होते. चुलीपुढे तीन पाने मांडली होती. एक सासूचे, येसूबाईचे, एक तुळसाचे, आणि तिसरे नणंदेचे, काशीचे. काशी बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा लागला होता. भिंतीला हात टेकून ती अजून पाटावर बसतच होती.

पानात वरीचा भात आणि ऋषीची भाजी. अळू, माठ, सुरण, भेंडी, अबईचे जाड दाणे, शिराळी, सगळे एका मडक्यात, तेलाचा थेंब न घालता शिजवलेले. बैलाच्या कष्टाचे काही या दिवशी बायकांनी खायचे नसते. बाहेर बसायच्या दिवसांत कुणाची घरात शिवाशिव झाली असेल, तर तो दोष या व्रताने जातो. नैवेद्याचे म्हणून भाजी शिजताना चाखायची नसते. तुळसाने चाखली नव्हती.

तिने सासूकडे पाहिले. येसूबाई तिसरा घास चावत होती. चेहऱ्यावर काही नव्हते. चाळीस वर्षे मिश्री लावून तिची जीभ बोथट झाली होती, पण हे तुळसाच्या ध्यानात आले नाही. तिला एवढेच दिसले की सासूला कडू लागत नाही. म्हणजे ते तिला एकटीलाच लागत होते.

श्रावणात येसूबाई तापाने पडली होती, तेव्हा तुळसा एक दिवस बाहेर बसली नव्हती. घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. तिने पेज केली, सासूला पाजली आणि कुणाला सांगितले नाही. खालच्या वाडीतल्या एका सुनेला एवढ्याच कारणाने माहेरी पोचवले होते. ती अजून तिथेच होती.

तुळसाने घास गिळला.

"अशी काय बघतंस गो वैनी?" काशी एकदाची बसली. "सकाळधरनं पोटात काय नाय. आतला तर लाथाच मारतो हाय. बापावर गेला. त्यालाबी जेवणाला उशीर खपत नाय."

तिने भाजीत भात कालवला आणि घास उचलला.

तुळसाने तिचे मनगट धरले. घास पानावर सांडला.

"खाऊ नको. कडू हाय."

"ऋषीची भाजी, आन कडू?" काशी हसली. "ऋषी रागावले काय तुझ्यावर?"

येसूबाई हसली नाही. तिचे चावणे थांबले होते.

"नैवेद्य कडू," ती हळू म्हणाली. "कोण शिवलं?"

तुळसा काशीच्या पोटाकडे बघत होती.

"मी. श्रावणात. तुमी तापात होतात, आत्ये. एकच दिस."

काशीचे हसू तोंडावरच राहिले. येसूबाईने सुनेकडे पाहिले, मग मडक्याकडे.

"शिराळी कुठची घातलीस?"

"परड्यातली. गडग्यावरची. वेल आपसूक आला हाय, कोणी बी टाकलं नाय, माती उकरली नाय. मला वाटलं, ऋषींना याच्याहून सोवळं काय असेल?"

येसूबाई उष्ट्या हातानेच उठली. घरामागच्या परड्याभोवतीच्या दगडी गडग्यावर अजून दोन शिराळी लोंबत होती. दुसऱ्या शिराळ्यांसारखीच हिरवी, तशाच धारांची. तिने एक तोडले, देठाकडचा तुकडा दातांनी काढला आणि लगेच थुंकला. पुन्हा थुंकली. त्या जिभेलाही ते पोचले होते.

"रानटी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वाडीतला भागोजी असलाच कडू दुधी खाऊन दोन दिस रगत ओकला. किती खाल्लंस?"

"एक घास."

"मी तीन. घशात बोटं घाल. घाल!"

दोघी गडग्याशी वाकून ओकल्या. काशी मागच्या दारात पोट धरून उभी होती आणि मोठ्याने रडत होती.

तुळसाने तोंड धुतले, दोनदा, तीनदा. कडूपणा वेलाचा होता. तिच्यामुळे काही कडू झाले नव्हते. पण जे बोलून गेली होती, ते आता परत आत घेता येत नव्हते.

येसूबाईने मडके खड्ड्यात रिते करून वर माती लोटली. शेजारच्या सोनूबाईकडून चार शिराळी मागून आणली. विळीवर बसून पहिल्याची देठाकडची चकती कापली, स्वतःच्या जिभेला लावली आणि मान हलवली.

"मला काय कळत नाय. आन काशीला द्यायची नाय." तिने चकती सुनेपुढे धरली. "चाख."

"नैवेद्याचं?"

"चाख म्हणते ना. आन श्रावणातल्यासारखं लपवू नको, खरं सांग."

तुळसाने चकती दाढेखाली धरली आणि सावकाश दाबली. रस सुटला. कडू लागला. हे शिराळेच कडू की जिभेवर राहिलेला मघाचाच कडूपणा, तिला ओळखता येईना. कडू म्हटले तर दोष पुन्हा तिच्यावर, नाही म्हटले आणि चुकले तर घास काशीच्या पोटात. तिने पुन्हा चावले. समोर येसूबाई विळीवर शिराळे धरून थांबली होती, आणि दारातून काशी तुळसाच्या तोंडाकडे बघत होती.