लेकीने पाठवलेल्या गोळ्या

कुमुदताईंनी वेलची, लवंगा, ओवा सगळं बाटल्यांतून काढून कागदाच्या पुड्यांत बांधलं आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकल्या. वडील गेल्याचं कळताच लेक कॅनडाहून निघाली होती. ती पोचायच्या आत स्वयंपाकघरात त्यातली एकही बाटली दिसायला नको होती.

त्या बाटल्या गोळ्यांच्या, तिनेच पाठवलेल्या. बाबांची सिगारेट सुटत नाही, तर निदान फुप्फुसं सांभाळली जावीत, म्हणून गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन. लेकीने धाडलंय म्हटल्यावर तो माणूस रोज चहाआधी गोळी घ्यायचा, आणि चहानंतर सिगारेट.

डॉक्टरांनी कुमुदताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गाजर, पालक खाणं चांगलंच. पण सिगारेट ओढणाऱ्याने या जास्त ताकदीच्या गोळ्या घेतल्या, की कॅन्सरचा धोका उलट वाढतो. त्यांना त्यानेच झाला, असं मात्र मी म्हणणार नाही."

फोटोसमोर बसल्यावर लेकीने विचारलंच, "आई, बाबा फोनवर हो म्हणायचे. खरंच घेत होते ना गं माझ्या गोळ्या?"

"छे, कुठल्या घेतायत ते. पडून राहिल्या, मग टाकल्या मी."

"एवढंसुद्धा केलं नाही त्यांनी माझ्यासाठी," ती म्हणाली आणि आणलेला हार तसाच ठेवून आत निघून गेली.

हार कुमुदताईंनीच घातला. फोटोतले डोळे लेक गेली त्या दाराकडे लागल्यासारखे वाटले.

"तिच्यासाठी आता एवढं कराच," त्या हळूच म्हणाल्या.