समोरच्या ओगलेकाकू

"फोटोत ही जुनी पर्स बरी दिसणार नाही, गाडीतच राहू दे," असं नवऱ्यानेच बायकोला सांगितलं होतं. नात्यातलं लग्न लागल्यावर कार्यालयाबाहेर येऊन बघतात तर गाडीची काच फुटलेली आणि पर्स गेलेली. पर्समध्ये घराची किल्ली होती, शिवाय पत्त्यासकट आधारकार्ड.

"काचेचं नंतर बघू. आधी घर गाठा," बायको म्हणाली. कपाटात लेकीच्या लग्नासाठी जमवलेलं सोनं होतं. दोघं न जेवताच निघाले.

सकाळी कुलूप लावताना समोरच्या ओगलेकाकूंनी विचारलं होतं, "कुणाचं लग्न? नवरी काय करते?" त्यावर "तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?" म्हणून तो तरातरा जिना उतरला होता.

आता तोच जिना त्याला चढवेना. वर दार बंद होतं, किल्ली कुलपात लोंबत होती आणि काकू दारासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या.

"तुमचा मावसभाऊ म्हणवणारा एक जण आला होता," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, मावशीचं सासर कुठलं? तुम्ही लग्नाला कसे नाही गेलात? जेवलात कुठं? तर पळालाच मेला, किल्ली तशीच टाकून!"

नवरा पायरीवरच बसला. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण विचारलं काहीच नाही. मग त्यानेच दमल्या आवाजात नवरीचं शिक्षण, नवरदेवाचा पगार आणि आहेराच्या पाकिटातली रक्कमसुद्धा सांगून टाकली.